कोकणात सपाट आहे ते रूळ, रस्ता नव्हे: रत्नागिरी–आरेवारे–गणपतीपुळे एका दिवसाची सायकल फेरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्या-मुंबईकडचे चार-पाच जण गियरच्या हायब्रिड सायकलींवर सपाटीवर दिवसाला ७०-८० किलोमीटर आरामात करतात. परदेशात जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या सायकलवाटांबद्दल त्यांनी ऐकलं आहे. तसं काही कोकण रेल्वेच्या कडेने, गावागावांतून, एका दिवसात करता येईल का? रात्रीच्या गाडीने जायचं, दिवसभर सायकल चालवायची आणि गाडीनेच परतायचं, असा बेत आहे.

रेल्वेच्या कडेने करता येणार नाही. रेल्वेने जाऊन-येऊन मात्र उत्तम फेरी होते, आणि त्यासाठी रत्नागिरी हे सर्वांत सोयीचं ठिकाण आहे.

अशी सायकलवाट, म्हणजे रेल ट्रेल, सपाट असते, कारण रेल्वेच सपाट असते. न्यूझीलंडमधली १५२ किलोमीटरची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल २००० साली पूर्ण झाली, तीही गाड्या बंद पडून रूळ उचलल्यानंतरच. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आज तिच्यावर दिवसरात्र गाड्या धावतात. रुळांलगतची खडी, देखभालीची पायवाट, पूल, बोगदे या सगळ्यांना रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १४७ लागू होतं. विनापरवाना आत शिरणं हा गुन्हा आहे. शिवाय एकेरी बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते, आणि डोंगर कापून काढलेल्या वळणावरच्या खोदाईत गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. नकाशावर रुळांलगत कच्ची रेघ दिसली, तरी तिथे सायकल घालू नका.

कोकण रेल्वेचा चढ साधारण १५० मीटरला १ मीटर, म्हणजे पाऊण टक्क्याच्याही आत ठेवलेला आहे. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि रत्नागिरीजवळच पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. रस्त्याच्या नशिबी यातलं काही नाही. किनाऱ्यालगत जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, समुद्रापर्यंत आलेले आहेत आणि खाड्यांनी ते कापून काढले आहेत. रस्ता सड्यावरून खाडीपर्यंत उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडच्या सड्यावर पुन्हा चढतो. पुढच्या खाडीला तेच. म्हणून इथे दिवसाचा हिशोब किलोमीटरने करायचा नसतो, घाट्यांनी, म्हणजे चढांनी, करायचा असतो. सपाटीवर ८० करणाऱ्या माणसाने कोकणात पहिल्या दिवशी ६०-६५ च धरावे.

वेळेचा ढोबळ हिशोब असा मांडा. सपाट अंतराला ताशी १८ किलोमीटर धरा आणि चढाच्या प्रत्येक १०० मीटरला १० मिनिटं वाढवा. उतारावर ती मिनिटं परत मिळतील असं धरू नका. वळणं आणि खड्डे तितका वेग घेऊ देत नाहीत. समजा फोनवरचा नकाशा ६५ किलोमीटर आणि एकूण ९०० मीटर चढ दाखवतो आहे. मग ३ तास ४० मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे सव्वापाच तास नुसतं पेडल मारणं. जेवण, पाणी, पंक्चर आणि समुद्राकडे बघत उभं राहणं यांचे अडीच तास घातले की पावणेआठ तास होतात. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हिशोब नऊ तासांच्या वर जात असेल तर मार्ग कापा. अंधारात या रस्त्यांवर चालवायचं नाही, हे आधीच ठरलेलं असू द्या.

मार्ग असा. रत्नागिरी स्टेशन कुवारबावच्या बाजूला, शहराबाहेर सड्यावर आहे. तिथून शहरात या, शिरगावमार्गे साखरतरच्या खाडीकडे उतरा, पूल ओलांडून काळबादेवी, मग आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे आणि गणपतीपुळे. स्टेशनपासून एका बाजूला साधारण ३० किलोमीटर. पुढे दोनेक किलोमीटरवर मालगुंड आहे, केशवसुतांचं जन्मगाव. तिथलं स्मारक पाहून मागे फिरा. जाऊन-येऊन ६५ होतात.

त्याच रस्त्याने परत यायला अनेकांचा जीव होत नाही. गोल फेरी हवी असते, आणि नकाशावर निवळीमार्गे महामार्गावर येणारा फाटा छान दिसतो. तो टाळा. निवळीच्या रस्त्यावर जयगड बंदराची अवजड वाहतूक असते, आणि पुढे मुंबई–गोवा महामार्गावर मोठ्या गाड्यांच्या शेजारून चालवावं लागतं. किनाऱ्याचा रस्ता परतताना अगदी वेगळा दिसतो. सकाळी पाठीशी राहिलेली वळणं समोर येतात, आणि आरे-वाऱ्याच्या मधल्या टेकाडावरून दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, उतरत्या उन्हात दिसतात. ते दृश्य संध्याकाळचंच आहे.

सकाळी उत्तरेकडे जायचं आणि दुपारनंतर दक्षिणेकडे परतायचं, याला आणखी एक भक्कम कारण आहे: वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका आणि कोरडा. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू होतो, बहुतेक वेळा वायव्येकडून. फेब्रुवारी ते मे या काळात तो दुपारी चांगलाच जोर धरतो. उत्तरेकडे तोंड करून दुपारी सड्यावर चालवाल तर ताशी चार-पाच किलोमीटर सहज जातात. दक्षिणेकडे परताना तोच वारा पाठीवर येतो, आणि थकलेल्या पायांना त्याचा खरा उपयोग होतो.

पहिली घाटी कुठे अंगावर येते हे नीट समजून घ्या, कारण साखळी तुटण्याचे आणि गियर अडकण्याचे बहुतेक प्रकार तिथेच होतात. खाडीचा पूल सपाट असतो. उतारावरून आलेल्या वेगात माणूस मोठ्या गियरमध्येच पूल पार करतो, आणि पुलानंतरच्या वळणामागे चढ एकदम सुरू होतो. मग घाईने, पूर्ण जोर पेडलवर असताना गियर पाडला जातो. साखळी दोन दात्यांच्या मधे तिरकी ताणली जाते. जुनी असेल तर पिन निसटते. नवी असली तरी कॅसेटच्या (मागच्या दातेरी चाकांच्या संचाच्या) आत स्पोकमध्ये जाऊन मागचा डिरेलर (साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वाकवू शकते. उपाय सोपा आहे: पुलावरच, पाय हलके असताना, पुढचं लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि मागचे मधले दाते. चढ सुरू झाल्यावर फक्त मागचे गियर, एकेक करून.

गियर पुरेसे हलके आहेत का हे घरीच मोजा. पुढचं सर्वांत लहान चेनरिंग ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं दातेरी चाक ३२ चं असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी ८ किलोमीटर. दहा टक्के चढावर ७० किलोचा माणूस, १५ किलोची सायकल आणि ५ किलो सामान एवढं वजन त्या वेगाने वर नेण्यासाठी २०० वॅटच्या आसपास ताकद लागते. सवय नसलेल्याला ती दहा मिनिटं टिकत नाही. तेच २८ आणि ३४ असेल तर वेग ताशी ६ वर येतो आणि १६० वॅटमध्ये भागतं. म्हणून तीन चेनरिंगची साधी हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) इथे महागड्या रोड बाइकपेक्षा बरी. कमी गियरची सायकल असेल तर कॅसेट बदलून घ्या. मात्र मागचा डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो हे आधी दुकानात विचारा, नाहीतर मोठं दातेरी चाक डिरेलरच्या पुलीला घासतं. आणि चढावर उतरून सायकल ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही. ताशी सहाने धापा टाकण्याऐवजी ताशी चारने चाललात तर किलोमीटरमागे पाच मिनिटं जातात, पण पायांत गोळे येत नाहीत.

चढापेक्षा उतार जास्त माणसं पाडतो. सड्यावरून खाडीकडे येणारे उतार आखूड पण तीव्र असतात, आणि वळणाच्या पोटात नेमकी जांभ्याची बारीक खडी वाहून आलेली असते. दाट झाडीखालच्या रस्त्यांवर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शेवाळ टिकतं. सकाळच्या दवाने ते पुन्हा ओलं होतं आणि काळ्या डांबरावर दिसतही नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटते आणि डिस्क असतील तर ब्रेकची धार जाते. दोन्ही ब्रेक एकाच वेळी जोरात, मग पूर्ण मोकळे, अशी पद्धत ठेवा. निघण्याआधी डिस्क पॅडचं अस्तर बघा, १ मिलिमीटरच्या आत आलं असेल तर बदला. रिम ब्रेकच्या रबरावरच्या खाचा संपल्या असतील तर रबर बदला. ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर ती सायकल घाटीत नेऊ नये.

टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे बरे. सुमारे ७५ किलोच्या माणसाने ३५ च्या टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय हवा ठेवावी, पुढे थोडी कमी. भरपूर हवा भरली की वेग वाढतो हा समज इथे उपयोगाचा नाही. खडबडीत डांबरावर टणक टायर उड्या मारतो आणि हाताला मुंग्या येतात. फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. असं पंक्चर दिसलं की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच.

सोबत प्रत्येकी दोन ट्यूब, आणि गटात मिळून एक पंप, पॅच, टायर लिव्हर, साखळी तोडायचं हत्यार, तुमच्या साखळीच्या स्पीडची जोडकडी, एक ब्रेक केबल, थोडी इलेक्ट्रिक टेप आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा. टायर कापला गेला तर तो तुकडा आतून लावला की घरापर्यंत जाता येतं. मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, मात्र प्रत्येकाने स्वतःच्या सायकलीचाच घ्यावा. तो मॉडेलप्रमाणे वेगळा असतो आणि दुसऱ्याचा बसत नाही. गावातल्या दुकानात साध्या सायकलीची ट्यूब मिळेल, पंक्चरही काढून मिळेल, पण बारीक वाल्वची ट्यूब मिळण्याची आशा धरू नका. बारीक वाल्ववर बसणारा पितळी ॲडॉप्टर खिशात असला की कोणत्याही गॅरेजच्या हवेवर काम होतं.

रस्त्यावरच्या वागण्याबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. हे रस्ते बहुतेक ठिकाणी दीड गाडीच्या रुंदीचे आहेत. समोरून एसटी आली की एकाला थांबावं लागतं, आणि ते तुम्ही थांबा. चालत्या सायकलवरून साइडपट्टीवर उतरू नका. पावसाने ती चार-सहा इंच खचलेली असते, आणि पुन्हा डांबरावर चढताना पुढचं चाक कडेला अडकून माणूस रस्त्याच्या मधोमध पडतो. थांबून, पाय टेकून वाट द्या. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा. गटाने एका ओळीत चाला, पण दोन सायकलींत दहा-बारा मीटर जागा ठेवा, म्हणजे गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येईल.

पाणी हिवाळ्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर, मार्चनंतर एक लिटर. दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि माणूस न कळत जास्त घाम गाळतो. नुसतं पाणी पीत राहिलात तर दुपारी डोकं जड होतं, मळमळतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण एका बाटलीत ठेवा. मीठ घातलेलं कोकम सरबतही चांगलं काम करतं. सकाळी निघताना घावणे किंवा आंबोळी, थोडी पेज मिळाली तर उत्तमच. दुपारचं जेवण गणपतीपुळ्यात, पण अर्ध्या पोटी. तळलेला मासा, सोलकढी आणि भात पोटभर खाऊन लगेच नेवऱ्याकडची घाटी चढायला घेतलीत की पोटात पिळवटून येतं. जेवल्यावर पाऊण तास सावलीत बसा. वाटेतल्या छोट्या गावात घरगुती खाणावळीत जेवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोनवर सांगून ठेवा. तिथे येणाऱ्यांच्या अंदाजानेच भात टाकतात.

सपाट जागा म्हणून पुळणीवरून सायकल चालवायचा मोह प्रत्येकाला होतो. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते आणि चाक छान पळतंही. पण खारं पाणी आणि वाळू साखळीत, हबमध्ये, डिरेलरच्या पुलींमध्ये जाते, आणि दोन दिवसांत तांबेरा दिसतो. जायचंच असेल तर फेरीच्या अगदी शेवटी जा. पुळणीवर गेलात न गेलात, त्या रात्री गोड्या पाण्याने सायकल धुवा. प्रेशरचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. फडक्याने कोरडी करा, साखळीच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडा, पाच मिनिटं पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल जांभ्याची धूळ धरतं, आणि ती धूळ कानशीसारखी दाते झिजवते.

आता रेल्वेचं. प्रवासी डब्यात नेता येणाऱ्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे, आणि चाकं काढली तरी पूर्ण मापाची सायकल त्यात बसत नाही. म्हणून ती पार्सल ऑफिसात नोंदवून ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, न्यायची. निघण्याच्या स्टेशनवर दीड-दोन तास आधी पोचा. पेडल आत वळवून लावा, डिरेलर आणि डिस्कवर पुठ्ठा बांधा, हवा थोडी कमी करा, बाटल्या-दिवे-मीटर काढून जवळ ठेवा. नाव, फोन, कुठून-कुठे हे पुठ्ठ्यावर दोन ठिकाणी लिहा. फ्रेमचा नंबर फोटोत ठेवा. रत्नागिरी हे मोठं स्टेशन असल्याने सायकल उतरवून घेणं जमतं. दोन मिनिटं थांबणाऱ्या छोट्या स्टेशनवर ब्रेकव्हॅन उघडून पार्सल काढायला वेळच नसतो, आणि सायकल पुढे निघून जाते. परतीचं पार्सल नोंदवायचं असतं, त्यामुळे गाडी रात्रीची असली तरी अंधार पडण्याआधी स्टेशनवर या. लक्षात ठेवा, स्टेशन सड्यावर आहे. सकाळचा उतार संध्याकाळी शहराबाहेरचा चढ होऊन उभा असतो. त्यासाठी पाव तास आणि एक मूठ शेंगदाणे-गूळ राखून ठेवा.

काही जणांना त्याच वाटेने परतणं नकोच असेल, तर गुहागरला आदल्या रात्री मुक्काम करून वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ असं दक्षिणेकडे येऊन फेरीबोटीने जयगडला उतरता येतं आणि पुढे गणपतीपुळे, आरेवारे, रत्नागिरी. हा ९० किलोमीटरच्या घरातला, घाट्यांनी भरलेला दिवस आहे. पहिल्याच खेपेला घेऊ नये. फेरीबोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, तिथे सायकलवरून उतरून चालत जा. भरतीची वेळ कोकणात तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण धक्का कोरडा मिळेल की घसरडा, एवढं त्यावरून कळतं.

आणि ज्यांना खरोखर सपाटच हवं आहे, त्यांनी रत्नागिरी सोडून अलिबाग धरावं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट (वाहनं चढवून नेणारी) तासाभरात पोचवते आणि तीत सायकल चढवून नेता येते, काही सोडायची-बांधायची गरज नाही. मांडवा ते अलिबाग थोडे चढउतार आहेत. अलिबागपुढे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा पट्टा मात्र नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो, जवळजवळ सपाट आणि भर दुपारीही सावलीचा. जाऊन-येऊन ७५ किलोमीटर होतात. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटातून रस्ता जातो, तिथेच मागे फिरा. कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईकडे गेलात की काशिदची घाटी सुरू होते. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग असते, म्हणून शक्यतो मधला वार निवडा आणि परतीच्या बोटीचं तिकीट आधीच काढून ठेवा.